पोराचा नंबर बापाच्या वहीत

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘रिलेशनल डेटाबेसमध्ये चाइल्ड रेकॉर्डचे पॅरेंटनिहाय क्रमांक’. सोप्या भाषेत: डेटाबेसमध्ये एक मुख्य नोंद म्हणजे बाप, तिच्याखालच्या नोंदी म्हणजे पोरं, आणि त्या पोरांना त्या बापापुरते १, २, ३ असे नंबर द्यायचे. हे वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एकतर विषयाची गोडी आहे किंवा हॉलमध्ये एसी आहे हे कुणीतरी फोडलंय. दोन्ही चालेल.

इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांची बार्शी-मोहोळकडे कुठे ना कुठे दोन-चार एकर असणारच, म्हणून जमिनीपासूनच सुरू करतो. फेरफाराचा नंबर गावापुरता असतो. गाव नमुना ६ ची नोंदवही गावागणिक वेगळी. तहसीलला जाऊन नुसतं ‘फेरफार ४५०’ म्हणालात तर समोरचा आधी विचारणार, गाव कुठलं? गाव आणि नंबर मिळून ओळख; आपल्या धंद्यात यालाच कंपोझिट की म्हणतात. गट ११२ चे ११२/१ आणि ११२/२ होतात तेही हेच. (त्यानंतर भाऊ-भाऊ कोर्टात जातात, तो आजचा विषय नाही.) हाताने लिहायच्या काळात तलाठी पुढचा नंबर कसा काढायचा? वही उघडायची, शेवटची नोंद बघायची, त्यात एक मिळवायचा. हे सुरळीत चालायचं, कारण वही एक आणि लिहिणारा हातही एक.

आता दोन हात आले की काय होतं ते सांगतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेलचा कारखाना. नाव घेत नाही, मालक अजून मला चहा पाजतात. माल परदेशी जायचा. प्रत्येक ऑर्डरचे बॉक्स १ पासून मोजायचे, बॉक्सवर स्टिकर: ऑर्डर नंबर, बॉक्स नंबर, नग, वजन. पॅकिंगला एकच टेबल होतं तोवर सगळं गोडीगुलाबीत. सीझनला घाई झाली, दुसरं टेबल लावलं, दुसरा कॉम्प्युटर, दुसरा प्रिंटर. प्रोग्रॅम काय करायचा? या ऑर्डरचा सगळ्यात मोठा बॉक्स नंबर बघ, त्यात एक मिळव. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं. दोघांनाही दिसलं २६, दोघांच्याही प्रिंटरमधून निघालं २७.

कळलं कधी? कंटेनर भरताना. पॅकिंग लिस्टवर एकूण बॉक्स ६०, जमिनीवर ६१. लिस्टवरचा आकडाही त्या पठ्ठ्याने मोजून नव्हता काढला, शेवटचा नंबर तोच एकूण असं धरलं होतं! भरलेला कंटेनर उतरवला. हमाल वैतागले, ड्रायव्हर जेवायला गेला तो गेलाच. शेवटी दोन २७ शेजारी ठेवले, एकात पांढरे टॉवेल, एकात निळे. दोन्ही टेबलांवरचे पोरं भांडताहेत, ‘अबे, सत्तावीस माझा हाय बे!’ आणि खरं सांगू, दोघंही बरोबर होते.

प्रोग्रॅमवाल्याला बोलावलं. त्याने ऑर्डर नंबर आणि बॉक्स नंबर यांच्यावर युनिक कन्स्ट्रेंट लावला, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा आली की डेटाबेस नोंद नाकारतो. उत्तम! पण एरर आल्यावर पुन्हा प्रयत्न करायचा, ते लिहिलंच नाही. आता दुसऱ्या टेबलावर लाल खिडकी यायची, इंग्रजीत. पोरगा एंटर मारायचा, स्टिकर मात्र आधीच छापलेलं. पूर्वी नोंदी दोन होत्या, आता बॉक्स दोन आणि नोंद एक. मालकांचा उपाय? ‘एकच कॉम्प्युटर ठेवा, दुसऱ्याला रांगेत उभा करा.’ सगळे हसले. मी नाही हसलो, कारण तत्त्व तेच आहे, फक्त रांग माणसांची नको.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं? बरं. तर मुख्य मुद्दा.

नंबर पोरांमध्ये शोधू नका, बापाकडे ठेवा. डेटाबेसमधल्या ऑर्डरच्या तक्त्यात ‘शेवटचा बॉक्स’ असा एक कॉलम घ्या. ट्रान्झॅक्शन (एकतर सगळं होईल, नाहीतर काहीच नाही असा कामांचा गठ्ठा) सुरू करा, त्या ऑर्डरच्या रोवर, म्हणजे ओळीवर, अपडेट मारून कॉलम एकने वाढवा, मिळालेल्या नंबराने बॉक्स इन्सर्ट करा, कमिट करा, म्हणजे पक्कं करा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये रिटर्निंग या शब्दाने नंबर तिथल्या तिथे मिळतो. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये सिलेक्ट करून तो वाचा. अपडेटने ती एक रो लॉक होते, पॅकिंगचं दुसरं टेबल कमिटपर्यंत थांबतं. बाकीच्या ऑर्डरींचं काम चालूच. रोलबॅक झालं, म्हणजे गठ्ठा मागे घेतला, तर नंबरही परत जातो. स्टिकर कमिटनंतरच छापा. युनिक कन्स्ट्रेंट तरीही ठेवा, कुणीतरी कधीतरी हाताने इन्सर्ट मारणारच.

सीक्वेन्स, म्हणजे डेटाबेसचं आपोआप पुढचा नंबर देणारं यंत्र, का नाही? रोलबॅक झालं तरी सीक्वेन्सचा नंबर परत येत नाही, मध्ये खड्डे पडतात. बॉक्सला एकवेळ चालेल. पण जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग, आर्थिक वर्षात एकमेव आणि १६ अक्षरांच्या आत हवा. तिथे पॅरेंट म्हणजे आर्थिक वर्ष. शिवाय ऑर्डरगणिक एक सीक्वेन्स करणारे आहेत, त्यांना दुरून नमस्कार.

रो-नंबर पार्टिशन बायने, म्हणजे बघताना प्रत्येक ऑर्डरमधल्या ओळी मोजून, नंबर नुसता स्क्रीनवर दाखवायचा असेल तर दाखवा. मधला बॉक्स डिलीट झाला की पुढचे सगळे नंबर सरकतात, बॉक्सवर चिकटवलेलं स्टिकर सरकत नाही. मायएसक्यूएलचं डेटा साठवणारं जुनं मायआयसॅम इंजिन दोन कॉलमच्या इंडेक्सवर असे गटवार नंबर आपोआप द्यायचं. पण गटातला सगळ्यात मोठा नंबर डिलीट केला तर तोच पुन्हा वाटायचं. त्याच्या जागी आलेल्या इनोडीबी इंजिनात ही सोय नाही.

आणि जुना डेटा आहे त्यांनी आधी ग्रुप बाय करून (ऑर्डर-बॉक्सच्या जोड्या एकत्र मोजून) दुहेरी नंबर शोधा, नाहीतर युनिक कन्स्ट्रेंट लागणारच नाही. ते निस्तरा, मग प्रत्येक ऑर्डरचा सध्याचा सगळ्यात मोठा बॉक्स नंबर त्या नव्या ‘शेवटचा बॉक्स’ कॉलममध्ये भरा. हे रात्री, पॅकिंग बंद असताना करा.