आकाश काळं झालं, मग दम्याचे आकडे का वाढले नाहीत?

कुवेत, 1991. माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या. शेवटची विझली 6 नोव्हेंबरला. भरदुपारी गाड्यांचे दिवे लावावे लागत. दम्याच्या रुग्णांनी दवाखाने ओसंडून वाहिले असतील, असंच वाटतं ना? पण युद्धाआधीची आणि नंतरची वर्षं ताडून पाहणारा कुवेतचा अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. त्यात दम्यासाठी भरतीचा किंवा मृत्यूचा दर ठळकपणे वाढलेला दिसला नाही.

म्हणून धूर निरुपद्रवी? थांबा. आधी छेद बघू, म्हणजे दर काढताना भागाकारात खाली येणारी लोकसंख्या.

[पडद्यावर: भरत्या ÷ लोकसंख्या × 1,00,000]

ऑगस्ट 1990 मध्ये इराक घुसला आणि लाखो लोक देश सोडून गेले. अम्मानमार्गे विमानांनी मुंबईत उतरलेले हजारो भारतीयसुद्धा या छेदातूनच वजा झाले. आता हे आकडे काल्पनिक आहेत, फक्त हिशेब समजण्यासाठी. 20 लाख लोकांत 4,000 भरत्या, म्हणजे दर 200. लोक उरले 14 लाख, भरत्या 3,000. हजार भरत्या कमी झाल्या, तरी दर 214! आणि चुकून जुनीच लोकसंख्या खाली ठेवलीत, तर तोच दर 150 येतो. एकाच आकड्यातून वाढही निघते, घटही.

गेलं कोण, हेही महत्त्वाचं. कामकरी तरुण गेले की उरलेल्यांत मुलांचं प्रमाण वाढतं, आणि दम्यासाठी मुलं जास्त भरती होतात. म्हणून प्रत्येक वयोगटाचा दर वेगळा काढायचा आणि दोन्ही काळांना एकच प्रमाण लोकसंख्या, म्हणजे वयोगटांची एकच ठरलेली वाटणी, लावायची.

आता धूर. काळी काजळी ऊन शोषते, तापते आणि आणखी वर चढते. त्यात तिथला वायव्येचा ‘शमाल’ वारा. बुर्गानचं मोठं तेलक्षेत्र कुवेत शहराच्या दक्षिणेला, त्यामुळे बराच धूर शहरापासून लांब जाई. वारा पडला की मात्र तो खाली उतरे. हे मोजके वाईट दिवस वार्षिक सरासरीत विरघळून जातात.

मृत्यूंचं गणित आणखी नाजूक. वर्षाला 10 मृत्यू अपेक्षित असताना 6 झाले काय किंवा 15 झाले काय, निव्वळ योगायोग असू शकतो. शिवाय म्हाताऱ्या माणसाच्या सीओपीडीवर, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणाऱ्या फुप्फुसांच्या जुनाट आजारावर, ‘दमा’ असा शिक्का सहज बसतो, म्हणून तुलनेसाठी 5 ते 34 हा वयोगट जास्त भरवशाचा.

भरतीतही गोम आहे. एकच रुग्ण तीनदा आला, तर नोंदी तीन. त्याच वर्षांत स्टेरॉइडचे इनहेलर नियमित देण्याची पद्धत रुजत होती, त्याने भरत्या घटतात आणि धुराचा परिणाम झाकला जाऊ शकतो.

मग पडताळायचं कसं? त्याच रुग्णालयांतल्या अपेंडिक्सच्या भरत्या शेजारी मांडा. धुराने अपेंडिक्स सुजत नाही. तोही आकडा तितकाच खाली आला असेल, तर दमा कमी झालेला नसतो, रुग्णालयापर्यंत पोचणारी माणसं कमी झालेली असतात.