कानशिलावरची थप्पड आणि १७३.५ सॅक

(दृश्य : कृष्णधवल फिल्म. लॉस एंजेलिसचं कोलिझियम मैदान. गती कमी केलेली.)

बचावफळीच्या डाव्या टोकाला ७५ नंबरची जर्सी आहे, तिच्याकडे बघा. एक हात जमिनीला टेकलेला, मान वर, नजर चेंडूवर. चेंडू हलला की हा उठतो. आता त्याचा पंजा बघा. समोरच्याच्या हेल्मेटवर, नेमका कानापाशी, सपाट थप्पड. समोरच्याचं डोकं वळतं, डोळे मिटतात. ते उघडेपर्यंत हा त्याला ओलांडून क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून चाल चालवणाऱ्याच्या, अंगावर पोचलेला असतो.

पुन्हा एकदा बघू.

डेव्हिड जोन्स. लॉस एंजेलिसच्या टेलिफोन डिरेक्टरीत डेव्हिड जोन्स ढिगाने सापडतात, म्हणून त्याने स्वतःच स्वतःचं नाव ठेवलं : डीकन जोन्स. उंची ६ फूट ५ इंच, वजन १२० किलोच्या वर, आणि या देहाने तो पळायचा मात्र चेंडू घेऊन धावणाऱ्या हलक्या पोरांसारखा.

अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातला सर्वांत मोठा बचावपटू कोण, हा वाद तिकडे बारमध्ये, टीव्हीवर, घरच्या सोफ्यावर वर्षानुवर्षं चालू आहे. बहुतेक वेळा तो लॉरेन्स टेलर या नावावर थांबतो. या फिल्मला तो तिथे थांबवायचा नाहीये. का, ते सांगण्याआधी हा जोन्स आला कुठून ते बघू.

(दृश्य : ईटनव्हिल, फ्लोरिडा. रस्ता, चर्च, गावाची पाटी.)

हे ईटनव्हिल. १८८७ साली कृष्णवर्णीयांनी स्वतः वसवलेलं, स्वतः चालवलेलं गाव. १९३८ मध्ये जोन्स इथे जन्मला. साउथ कॅरोलायना स्टेट या कॉलेजात फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर गेला. तिथे नागरी हक्कांच्या निदर्शनात उतरला आणि शिष्यवृत्ती गेली. मग मिसिसिपी व्होकेशनल. मोठ्या संघांचे निवडकर्ते त्या काळी अशा कॉलेजांकडे फिरकायचे नाहीत. जोन्स सापडला तो अपघाताने. लॉस एंजेलिस रॅम्सची माणसं भलत्याच खेळाडूंची फिल्म बघत बसली होती, आणि पडद्यावर एक धिप्पाड गडी त्या खेळाडूंना मागे टाकून पळताना दिसला. १९६१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडायच्या फेऱ्यांत, रॅम्सने त्याला घेतलं, तेही चौदाव्या फेरीत. चौदाव्या फेरीत घेतलेला माणूस सहसा सराव शिबिरातूनच घरी परततो.

(दृश्य : चौघांची रांग. सावकाश पॅन.)

रॅम्सची ही फळी : जोन्स, मर्लिन ओल्सन, रोझी ग्रिअर, लमार लंडी. लोक त्यांना ‘फिअरसम फोरसम’, म्हणजे धडकी भरवणारी चौकडी म्हणायचे. जोन्स आणि ओल्सन शेजारी शेजारी. ओल्सन आत घुसून दोघांना अंगावर घ्यायचा आणि जोन्स त्याच्या पाठीमागून वळसा मारून मधल्या फटीतून शिरायचा. ही जुगलबंदी फिल्मवर इतक्या वेळा सापडते की कुठली ठेवायची आणि कुठली कापायची, हे ठरवताना आमच्या संपादकाने हात टेकले.

चेंडू फेकायच्या आत क्वार्टरबॅकला चाल जिथून सुरू झाली त्या रेषेमागे आडवं करणं म्हणजे सॅक. कबड्डीत कोपरारक्षकाने चढाई करणाऱ्याला आत येताक्षणीच घोट्याला धरावं, तशी ही पकड. हे नाव रूढ केलं तेही जोन्सनेच. गंमत पुढेच आहे. एनएफएलने, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉल लीगने, सॅकची अधिकृत मोजदाद सुरू केली १९८२ साली. जोन्स शेवटचा खेळला १९७४ साली. म्हणजे लीगच्या वहीत या माणसाच्या नावावर सॅक किती? एकही नाही.

(दृश्य : जुन्या सामन्यांची टिपणं, स्कोअरशीट, फिल्मची रिळं.)

जुनी टिपणं आणि रिळं तपासून संशोधकांनी जो हिशेब मांडला, त्यात जोन्सचा आकडा निघाला १७३.५. अर्धा कुठून आला? दोघांनी मिळून पाडलं की प्रत्येकाला अर्धा. त्याच्या वर दोनच नावं : ब्रूस स्मिथ २०० आणि रेजी व्हाइट १९८. पण स्मिथ खेळला २७९ सामने, व्हाइट २३२. जोन्स १९१. सामन्यामागे भाग देऊन बघा : स्मिथ ०.७२, व्हाइट ०.८५, जोन्स ०.९१. शिवाय जोन्सच्या काळात हंगाम १४ सामन्यांचा होता आणि पासही आजच्यापेक्षा कमी फेकले जायचे. पास कमी म्हणजे सॅकची संधीही कमी.

समोरच्या बाजूचं म्हणणंही आहे, ते खोटं नाही. १९७८ पर्यंत आक्रमणफळीच्या खेळाडूंना हात लांबवून, पंजे उघडून अडवायची मुभा नव्हती. क्वार्टरबॅकही चेंडू जास्त वेळ हातात धरून खोल मागे जायचे. जोन्सचं काम सोपं होतं म्हणाना. पण मग तेच सोपं काम त्या काळात बाकीच्यांना त्याच्याइतकं का जमलं नाही?

आणि ती थप्पड. ती त्याने शोधून काढलेली नव्हती, पण तिला धार त्याने दिली. मुहम्मद अलीच्या हातांचा वेग बघून स्फूर्ती मिळाली, असं तो सांगायचा. फटका जोराचा असण्यापेक्षा वेळेवर असणं महत्त्वाचं. समोरचा उठता उठता, त्याचं वजन अजून टाचांवर असताना तो बसला पाहिजे. माणूस नकळत डोळे मिटतो, मान फिरवतो, आणि एक पाऊल चुकतो. जोन्सला ते एक पाऊलच हवं असायचं. १९७७ साली लीगने या थपडेवर बंदी घातली. ज्यांनी ती वर्षानुवर्षं खाल्ली, त्यांच्या डोक्यांचं पुढे काय झालं आणि मेंदूच्या इजांवरून या खेळात कोर्टकचेऱ्या कशा झाल्या, तो वेगळ्या फिल्मचा विषय आहे.

(दृश्य : जुन्या फिल्मचे तुकडे, एकामागोमाग.)

नियम बदलायला लावणारा जोन्स एकटा नव्हता. डिक ‘नाइट ट्रेन’ लेन विमानाच्या कारखान्यात काम करायचा. १९५२ मध्ये रॅम्सच्या ऑफिसात जाऊन त्याने काम मागितलं, आणि त्याच हंगामात १२ सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांचे १४ पास हवेतच पकडले. आज हंगाम १७ सामन्यांचा आहे, तरी तो विक्रम उभा आहे. मानेला विळखा घालून माणूस पाडायची त्याची तऱ्हा पुढे बेकायदा ठरली. पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट पास झेलायला धावणाऱ्या रिसीव्हरला मैदानभर ढकलत न्यायचा. १९७८ च्या नियमाने ही ढकलाढकली पहिल्या पाच यार्डांपुरती उरली. लोक आजही तो नियम ब्लाउंटच्या नावाने ओळखतात. शिकागोचा डिक बटकस इथे हवा होता, पण गुडघ्यांनी त्याला लवकर घरी बसवलं आणि आमच्या वेळेने आम्हाला.

(दृश्य : रंगीत. १८ नोव्हेंबर १९८५, आरएफके स्टेडियम, वॉशिंग्टन.)

आता टेलर. न्यूयॉर्क जायंट्सचा ५६ नंबर. वॉशिंग्टनच्या क्वार्टरबॅकने, जो थाइसमनने, चेंडू मागे दिला. तो फिरून त्याच्याकडेच परत आला. बनवाबनवीची चाल होती. टेलर फसला नाही. तो थाइसमनच्या पाठीवर आला, आणि पुढच्या क्षणी टेलर उभा राहून दोन्ही हातांनी बाकाकडे इशारे करतोय, डोकं धरतोय. थाइसमनच्या पायाची दोन्ही हाडं मोडली होती. तो पुन्हा खेळला नाही.

टेलरचा दावा खोडणं अवघड आहे. १९८१ मध्ये आला आणि पहिल्याच वर्षी लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. नवख्याला तो मान पुन्हा कधी मिळाला नाही. १९८६ मध्ये २०.५ सॅक आणि अख्ख्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू. बचावपटूंपैकी हा किताब त्याच्याआधी फक्त ॲलन पेजने घेतला होता, १९७१ साली. टेलरनंतर अजून कोणी नाही. त्याला आवरायला वॉशिंग्टनच्या जो गिब्सने एक जादाचा अडवणारा माणूस रचनेतच बसवला. सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल वॉल्शने १९८२ च्या जानेवारीत, प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या सामन्यात, आक्रमणफळीतल्या मधल्या जॉन एअर्सला मागे खेचून त्याच्यासमोर उभं केलं. क्वार्टरबॅकची आंधळी बाजू राखणाऱ्या डाव्या टॅकलचा, म्हणजे आक्रमणफळीच्या डाव्या टोकाच्या खेळाडूचा भाव वधारला, तो टेलरच्या धास्तीने.

रेजी व्हाइटची बाजूही भक्कम. बाप्टिस्ट पाद्री. १९८७ चा हंगाम संपामुळे त्याच्यासाठी १२ सामन्यांचाच झाला, तरी त्याने २१ सॅक केले.

(दृश्य : सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जानेवारी १९९७, न्यू ऑर्लीन्स. ग्रीन बेचा ९२ नंबर.)

हा त्याचा डाव. बाहेरून धाव घेतल्यासारखं दाखवायचं, समोरचा बाहेर सरकला की आतल्या हाताने त्याला काखेपाशी उचलून बाजूला टाकायचं. दीडशे किलोच्या आसपासची माणसं अशी बाजूला पडताना दिसतात. या सामन्यात त्याने तीन सॅक केले. मैदानाबाहेरही त्याचं नाव त्या खटल्यावर पहिलं होतं, ज्याच्या तडजोडीतून १९९३ साली खेळाडूंना करार संपल्यावर संघ निवडायचा हक्क मिळाला. २००४ मध्ये तो गेला, वयाच्या ४३ व्या वर्षी.

(दृश्य : सुपर बोल, फेब्रुवारी २०२२. रॅम्स पुन्हा लॉस एंजेलिसमध्ये. ९९ नंबर.)

आणि हा आरन डोनाल्ड. सामना संपत आलाय, सिनसिनाटीचा शेवटचा प्रयत्न. डोनाल्ड मधून घुसतो, क्वार्टरबॅक जो बरोला धरून गरकन फिरवतो, चेंडू कसाबसा सुटतो आणि जमिनीवर पडतो. डोनाल्ड पळत सुटलाय, अंगठीच्या बोटाकडे इशारा करतोय : सुपर बोल जिंकणाऱ्यांना अंगठी मिळते. मधल्या जागेवरून खेळणाऱ्याला टोकाच्या खेळाडूपेक्षा जास्त गर्दी कापावी लागते. समोर दोघं, कधी तिघं. तिथून त्याने १११ सॅक काढले, तीनदा वर्षाचा सर्वोत्तम बचावपटू झाला आणि २०२४ मध्ये थांबला. त्याचे हात बघा, समोरच्याचा पंजा लागायच्या आत झटकून टाकतो. थप्पड आता मारता येत नाही, म्हणून तिची जागा या हातांनी घेतली आहे.

जोन्स २०१३ मध्ये वारला. वर्षात सर्वाधिक सॅक करणाऱ्याला लीग आता त्याच्याच नावाचा पुरस्कार देते. सुपर बोल मात्र त्याला कधी मिळाला नाही, आणि टेलरवाले हे पहिलं काढतात. काढू देत. आमच्या यादीत पहिला जोन्सच. दुसरा टेलर की डोनाल्ड, यावर संपादनाच्या टेबलावर आमचंही भांडण अजून मिटलेलं नाही.