पलीकडचं माणूस

(दृश्य : टेबलावर उताणा ठेवलेला फोन. पडदा उजळतो, विझतो.)

ताईनं नवा फोन घेतला, तेव्हा जुन्यातले फोटो नव्यात घालून द्यायचं काम माझ्याकडे आलं. फोन तिनंच माझ्या हातात दिला, पासवर्डही सांगितला. फोटो सावकाश सरकत होते. मध्येच पडद्याच्या वरून एक पट्टी खाली आली. तिच्या मैत्रिणीचा मेसेज. ‘रिपोर्ट आले. घरी अजून कुणाला...’ पुढचं कापलेलं.

इथपर्यंत माझी चूक नाही. डोळ्यांसमोर आलं, दिसलं. पण त्यानंतर माझा अंगठा त्या पट्टीवर टेकला, तो काही आपोआप टेकला नव्हता. मेसेज उघडला. वाचला. मग त्याच्या वरचा, मग त्याही वरचा. पाचेक मिनिटं गेली असतील. नंतर फोन होता तिथे ठेवला आणि फोटो कुठवर आलेत ते बघत बसलो.

दुसऱ्याचे खासगी मेसेज वाचायचे म्हणजे काहीतरी हेरगिरीच्या थाटाचं प्रकरण असणार, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा ते एवढंच असतं.

(दृश्य : जुनी टपालाची पाकिटं, लाखेचे शिक्के.)

१८४४ साल, लंडन. मायदेशातून परागंदा झालेला इटालियन क्रांतिकारक मॅझिनी तिथे राहत होता. सावरकरांमुळे मराठी वाचकाला हे नाव परकं नाही. आपली पत्रं आपल्याआधी कुणीतरी वाचतंय, असा त्याला संशय आला. त्यानं मित्रांना सांगितलं, पाकिटात खसखशीचे दाणे, वाळूचे कण, एखादा केस घालून पाठवा. पत्रं आली ती वरून धड. आतले दाणे मात्र गायब.

प्रकरण संसदेत गेलं, मोठा बोभाटा झाला. गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या वॉरंटवरून पत्रं फोडली जात होती, हे बाहेर आलं. लोक पाकिटांवर उपरोधानं लिहू लागले : ‘हे पत्र ग्रॅहम करू नये.’ टपाल खात्यातली पत्रं फोडणारी गुप्त शाखा त्याच वर्षी बंद झाली.

मला यातली खसखस फार आवडते. फोडणाऱ्यानं मजकूर नीट उतरवून घेतला असेल, पाकीटही झकास चिकटवलं असेल. दाणे त्याच्या लेखी कचरा. ते कुणी, कशासाठी घातलेत, हा प्रश्नच त्याला पडला नाही. पत्र पाठवणारं माणूस त्याच्या हिशेबातच नव्हतं.

(दृश्य : दोन फोन, मधून जाणारी रेघ. रेघेवर कुलूप.)

आता वाटेत पत्र फोडणं अवघड झालंय. २०१६च्या एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपनं सगळ्या मेसेजना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लावलं. मेसेज वाटेत कुणी पकडलाच, तर त्याच्या हाती निव्वळ गिचमिड लागते. पण कुलूप वाटेवर आहे. दोन्ही टोकांना मेसेज उघडाच असतो, नाहीतर आपण तो वाचणार कसा? म्हणून चोरटी नजर आता टोकावर येऊन बसते. दुसऱ्याचा फोन मिनिटभर घेऊन क्यूआर कोड स्कॅन केला, की त्याचं सगळं चॅट आपल्या कॉम्प्युटरवर. फोनच्या मालकाला ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये ते दिसतं, पण तिथे रोज डोकावतो कोण?

याच्या पुढची पायरी पाळतीच्या ॲपची. टाकायला फोन थोडा वेळ हातात मिळाला की पुरे. मग ते स्वतःचा आयकॉन लपवतं. ज्यांना दिसत नाही, त्यांना पडद्यावरचं वाचून दाखवता यावं म्हणून फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटी नावाची सोय असते. अशी ॲप अनेकदा तिचीच परवानगी घेऊन मजकूर उचलतात. म्हणजे आंधळ्याच्या काठीनंच घरफोडी.

आणि उचललेला मजकूर जातो कुठे? आधी ॲपवाल्या कंपनीच्या सर्व्हरवर. अमेरिकेत ‘स्पायफोन’ नावाची अशी एक कंपनी होती. २०१८ साली तिनं गोळा केलेला डेटा इंटरनेटवर उघडा पडलेला सापडला. २०२१मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं तिच्यावर या धंद्याचीच बंदी घातली. चोरून जमवलेला डेटा पुसा, आणि ज्यांच्या फोनवर ॲप बसलं होतं त्यांना तसं कळवा, असाही आदेश दिला. जोडीदाराचं चॅट बघायला पैसे मोजणारा, ते चॅट आधी तिऱ्हाइताच्या हवाली करत असतो. त्याच्या हे गावीही नसतं.

(दृश्य : कायद्याच्या पुस्तकाची पानं.)

कायदा काय म्हणतो? भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ बघा. कॉम्प्युटरच्या मालकाच्या किंवा तो ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय त्यात शिरणं, त्यातला डेटा उतरवून घेणं, या गोष्टी त्यात मोडतात. कायद्याच्या भाषेत फोनही कॉम्प्युटरच. लबाडीच्या हेतूनं केलं तर कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवराबायकोला यातून सूट आहे, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

पण कलमाचा पहिला प्रश्न लक्षात घ्या : यंत्र कुणाचं? माझ्या हातात फोन तर ताईनंच दिला होता. परवानगी घ्यायचीच, तर मैत्रिणीची कुणी घेतली होती?

(दृश्य : रिकामं ऑफिस, चालू कॉम्प्युटर.)

कचेऱ्यांचा युक्तिवादही यंत्रापासूनच सुरू होतो. कॉम्प्युटर आमचा, इंटरनेट आमचं, वेळही आमचा. रोमानियातल्या एका अभियंत्याला मालकानं ग्राहकांशी बोलायला मेसेंजरचं खातं उघडायला लावलं. २००७च्या जुलैमध्ये आठवडाभर त्यावर नजर ठेवली. मग त्याला विचारलं, खासगी कामाला वापरलंस का? तो नाही म्हणाला. तेव्हा त्याच्यापुढे ४५ पानांची प्रत ठेवली गेली : भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी झालेलं बोलणं, काही अगदी खासगीतलं. नोकरी गेली.

तो युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेला. २०१६मध्ये हरला. ५ सप्टेंबर २०१७ला तिथल्याच मोठ्या खंडपीठापुढे ११ विरुद्ध ६ असा जिंकला. मालकानं लक्ष ठेवूच नये, असं न्यायालय म्हणालं नाही. ठेवणार असलात तर आधी सांगितलंत का, किती खोल जाणार तेही सांगितलंत का, कारण काय, कमी घुसखोरीनं भागलं नसतं का, हे तपासायला हवं होतं, असं म्हणालं. मला हा निकाल पटतो. तरी ती ४५ पानं डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्यातलं निम्मं बोलणं त्या कंपनीत नोकरीला नसलेल्या माणसांचं होतं. भावानं कुठल्या नियमावलीवर सही केली होती?

(दृश्य : घर. दोन खोल्या, मध्ये बंद दार.)

घरातला गुंता याहून वाईट. जुलै २०२५मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की वैवाहिक खटल्यात जोडीदाराचं चोरून रेकॉर्ड केलेलं फोनवरचं बोलणं पुरावा म्हणून चालू शकतं. जोडपी एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत आली असतील, तर ते नातं आधीच मोडल्याचं लक्षण आहे, असंही न्यायालयानं म्हटलं. हा निकाल ऐकून ‘चला, आता बघायला मोकळे’ म्हणणारे मला भेटलेत. पुरावा चालतो म्हणजे तो मिळवायची रीत कायदेशीर ठरली, असं होत नाही. शिवाय ते बोलणं त्या दोघांचंच होतं. बायकोनं बहिणीला लिहिलेलं, नवऱ्याला मित्रानं लिहिलेलं, ही वेगळी गोष्ट.

मुलांच्या बाबतीत मी इतका ठाम नाही. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात फोन देऊन पाठ फिरवणं हा हलगर्जीपणाच. सोळा वर्षांच्या मुलीचं चॅट रोज रात्री चोरून चाळणं हे दुसरं टोक. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेचं सोळावं कलम मुलांच्याही पत्रव्यवहाराला मनमानी ढवळाढवळीपासून संरक्षण देतं. मूल अनोळखी माणसाच्या जाळ्यात सापडतंय, असं दिसलं तर मी तरी वाचीन. आणि वाचलं हे त्याला सांगेन. ते लपवलं, तर मूल पुढच्या वेळी दुसरं खातं उघडतं. आपण जुनंच चाळत बसतो.

सरकारचं वाचणं हा स्वतंत्र फिल्मचा विषय. इथे एवढंच : १९९६मध्ये टेलिफोन टॅपिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अट घातली, की हुकूम गृहसचिवांचा हवा आणि दोन महिन्यांच्या आत आढावा समितीनं तो तपासायला हवा. या अटी किती पाळल्या जातात, यावर भांडता येतं. निदान कागदावर कुणाचं तरी नाव असतं. घरात फाइल नसते, आढावा समितीही नसते. अंगठा असतो.

(दृश्य : पुन्हा तोच फोन.)

ताईच्या फोनची गोष्ट अर्धी राहिली. मी मेसेज उघडला, तेव्हा तिकडे मैत्रिणीच्या फोनवर टिका निळ्या झाल्या. इकडे ताईच्या फोनवरची, मेसेज न वाचल्याची हिरवी खूण गेली. एकीला वाटलं, वाचून गप्प बसली. दुसरीला मेसेज आलाय याचाच पत्ता नाही. असे चार दिवस.

पाचव्या दिवशी मैत्रिणीचा फोन आला. ताई बराच वेळ नुसतं ऐकत होती. मग तिनं तो मेसेज शोधून काढला, वेळ बघितली. दुपारी सव्वातीन. फोन माझ्याकडे वळवला.

“हे तू उघडलंस?”

मी हो म्हटलं.

आता तिला मैत्रिणीला दोन गोष्टी सांगायच्या होत्या : उत्तराला उशीर का झाला, आणि रिपोर्टचं आणखी कुणाला कळलंय. दुसरी सांगायची की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.