श्रीमंतांचा पक्ष कोणता, आणि ‘मोकळी जागा’ म्हणजे काय

[दृश्य: सकाळ, लोअर परळचा पूल. कामावर निघालेली गर्दी. मागे काचेचे टॉवर, त्यांच्यामधून दिसणारी गिरणीची चिमणी.]

निवडणूक जवळ आली की नाक्यावर, लोकलच्या डब्यात, चाळीच्या गॅलरीत एक वाद हमखास पेटतो. एक म्हणतो, भाजप पहिल्यापासून शेटजींचा पक्ष. दुसरा म्हणतो, उद्योगपती मोठे केले ते काँग्रेसनं. तिसरा सेनेला आणि राष्ट्रवादीला बिल्डरांच्या दारात उभं करतो. ज्याचा आवाज मोठा तो जिंकतो, कारण या वादात तारीख नसते, नियमाचा क्रमांक नसतो आणि कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात किती गेलं हे कुणी मांडत नाही.

ते मांडता येतं. गिरणगावात तर ते उघड्या डोळ्यांनी दिसतं.

[दृश्य: जुन्या गिरण्यांची छायाचित्रं. बंद फाटक.]

मुंबईत ५८ कापड गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली शहराच्या ऐन मध्यावर सुमारे ६०० एकर जमीन होती. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर बहुतेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. प्रश्न उरला जमिनीचा. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८नं त्याचं उत्तर दिलं होतं. गिरणीच्या जागेचा पुनर्विकास करायचा असेल तर ढोबळमानानं एक तृतीयांश जमीन महापालिकेला, मैदानं आणि सार्वजनिक सोयींसाठी. एक तृतीयांश म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. उरलेली मालकाला. तेव्हा राज्यात काँग्रेसचं सरकार होतं.

२००१मध्ये, पुन्हा काँग्रेसच्याच, या वेळी राष्ट्रवादीसोबतच्या सरकारनं, हा नियम बदलला. वाटणीचं सूत्र जागच्या जागी राहिलं. बदलला तो ‘मोकळी जागा’ या शब्दांचा अर्थ. गिरणीच्या शेड पाडल्यावर मोकळी होणारी जमीन आता वाटणीत धरायची नव्हती. मुळात जी जागा बांधकामाविना पडून होती, तेवढीच धरायची.

हिशेब करून पाहू. समजा, गिरणीची जमीन ३० हजार चौरस मीटर. शेड, गोदामं, बॉयलर हाऊस मिळून २४ हजारांवर बांधकाम, ६ हजार मोकळे. जुन्या नियमानं पालिकेला १० हजार, म्हाडाला १० हजार, मालकाला १० हजार. नव्या नियमानं वाटणी फक्त ६ हजारांची. पालिकेला २ हजार, म्हाडाला २ हजार, मालकाकडे २६ हजार. सूत्र तेच, आणि शहराचा वाटा पाचव्या हिश्शावर आला.

कारण सांगितलं गेलं ते असं, की जुन्या नियमात मालक पुढे येत नाहीत आणि कामगारांची देणी अडकली आहेत. त्यात तथ्य होतं. जमीन द्यावी लागू नये म्हणून मालक शेड न पाडता आतल्या आत वापर बदलत होते. पण ती पळवाट बंद करण्याऐवजी शहराचाच वाटा कापला गेला. २००५च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर शहराच्या बाजूनं निकाल दिला. २००६च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. गिरणी कामगार आणि त्यांच्या वारसांचे घरासाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले. त्यांच्यासाठी जमीन का पुरत नाही, याचं एक मोठं कारण त्या दोन शब्दांत आहे.

यावरून कुणी म्हणेल, म्हणजे काँग्रेसच. मग १९९६कडे जाऊ. शिवसेना-भाजप युतीचं सरकार होतं. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र आराखडा करण्यासाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला. वेगवेगळे भूखंड जोडून सलग मैदानं आणि रस्ते काढता येतील, हे त्या कामाचं सार होतं. त्या शिफारशी अमलात आल्याच नाहीत. फाईल बाजूला पडण्याचा फायदाही कुणाला तरी होतच असतो.

[दृश्य: वांद्रे-कुर्ला संकुल. शेअर बाजाराचे आकडे.]

आता दिल्लीचा निर्णय, पण ज्याचा आनंद दलाल स्ट्रीटवर साजरा झाला तो. २० सप्टेंबर २०१९. कंपन्यांच्या नफ्यावरच्या कराचा मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्के. सेन्सेक्स एका दिवसात १,९०० अंकांहून जास्त चढला. सरकारनंच सांगितलं की यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल.

वादात इथं दोन्ही बाजू चुकतात. मोठ्या कंपनीला आधी अधिभार आणि उपकर धरून ३४.९४ टक्के पडत होते, आता २५.१७. म्हणजे १०० कोटी नफ्यावर पावणेदहा कोटींची बचत. मात्र नवा दर हवा तर बहुतेक सवलती सोडायच्या. ज्या कंपन्या सवलती वापरून आधीच कमी कर भरत होत्या, त्यांची खरी बचत याहून लहान. आणि ४०० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांचा मूळ दर आधीच २५ होता. तेव्हा ‘उद्योगपतींना दहा टक्के सूट’ हे सरसकट बरोबर नाही. पण ‘हा फक्त गुंतवणूक वाढवण्याचा उपाय, त्यात श्रीमंतांचा फायदा नाही’ हेही टिकत नाही. २०२२-२३ पासून वैयक्तिक आयकराची वसुली कंपनी कराच्या पुढे गेली आहे.

मग भाजप श्रीमंतांचा? वारसा हक्कानं मिळणाऱ्या संपत्तीवरचा कर, इस्टेट ड्यूटी, १९८५मध्ये राजीव गांधींच्या सरकारनं काढला. संपत्ती कर २०१५मध्ये मोदी सरकारनं काढला. नोंदणीकृत शेअर दीर्घकाळ ठेवून विकल्यावरचा नफा २००४च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी करमुक्त केला, आणि २०१८मध्ये १० टक्के कर परत लावला तो अरुण जेटलींनी. पाच कोटींवरच्या उत्पन्नाला ३७ टक्के अधिभार लावला २०१९मध्ये, नव्या करपद्धतीत तो २५वर आणला २०२३मध्ये. दोन्ही भाजपच्याच काळात. पक्षाच्या नावावरून कर ओळखायला गेलं तर दर चार-पाच वर्षांनी चुकायला होतं.

[दृश्य: बँकेचा काउंटर, खातेवह्या.]

सगळ्यात जास्त गोंधळ ‘उद्योगपतींची कर्जं माफ केली’ या वाक्यात आहे. त्याची पायरी न पायरी पाहिली पाहिजे.

हप्ता ९० दिवस थकला की कर्ज बुडीत खात्याकडे सरकतं. बँकेला तेव्हापासून आपल्या नफ्यातून रक्कम बाजूला काढावी लागते. तारण असलेल्या कर्जावर पहिल्या वर्षी १५ टक्के, मग २५, मग ४०, आणि असं करत शेवटी पूर्ण १००. एवढी तरतूद झाली की ते कर्ज ताळेबंदातून काढतात. हे निर्लेखन. कर्जदाराचं देणं संपत नाही, वसुलीचे दावे चालूच राहतात. शेतकरी कर्जमाफीत, २००८ची केंद्राची असो की २०१७ आणि २०१९ची महाराष्ट्राची, सरकार बँकेला पैसे देतं आणि कर्जदार मोकळा होतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण एवढं सांगून जे थांबतात, तेही अर्धंच सांगतात. २०१४-१५पासूनच्या नऊ आर्थिक वर्षांत बँकांनी १४ लाख ५६ हजार कोटींची कर्जं निर्लेखित केली, त्यातली सुमारे निम्मी मोठ्या उद्योग आणि सेवा क्षेत्राची. निर्लेखित कर्जांतून त्या काळात वसूल झाले २ लाख ४ हजार कोटी. शंभरात साधारण चौदा. आणि सरकारी बँकांचं भांडवल सावरायला २०१६-१७ ते २०२०-२१ या काळात सरकारनं ३ लाख कोटींहून अधिक घातले. ते करदात्याचे. यातली बरीच मोठी कर्जं दिली कधी गेली? रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर रघुराम राजन यांनी २०१८मध्ये संसदेच्या अंदाज समितीला लिहून दिलं की, मोठ्या संख्येनं बुडीत कर्जं २००६ ते २००८ या काळात निर्माण झाली. कर्ज वाटलं एका राजवटीत, पुसलं दुसऱ्या राजवटीत.

[दृश्य: निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरची यादी.]

निवडणूक रोखे, म्हणजे नाव जाहीर न करता पक्षांना देणगी देण्याची योजना, त्यांचं थोडक्यात. १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं योजना रद्द केली आणि यादी बाहेर आली. एप्रिल २०१९ पासूनचे आकडे : भाजप सुमारे ६,०६० कोटी, तृणमूल १,६०९, काँग्रेस १,४२१. योजना आणणाऱ्या आणि केंद्रात सत्तेवर असणाऱ्या पक्षाला इतरांच्या कितीतरी पट मिळाले, हे सरळ म्हटलं पाहिजे. दुसऱ्या क्रमांकावर मात्र तेव्हा एका राज्यात सत्ता असलेला पक्ष आहे. आमच्या मते वैचारिक वादापेक्षा ही यादी जास्त बोलते.

[दृश्य: उपनगरात उभं राहणारं बांधकाम.]

परत मुंबईत. जानेवारी २०२१, महाविकास आघाडी सरकार. बांधकाम परवानगीसाठी बिल्डर जे अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम भरतात, ते वर्षअखेरीपर्यंत निम्मं. अट अशी की घर घेणाऱ्याचं मुद्रांक शुल्क बिल्डरनं भरायचं. भाजपनं टीका केली की हा बिल्डरांचा फायदा. पण मुद्रांक शुल्क भरलं तरी घराची मूळ किंमत ठरवणं बिल्डरच्याच हातात राहतं. सवलत खरेदीदारापर्यंत किती पोचली हे पाहायचं तर नोंदणी झालेल्या करारातली किंमत आधीच्या व्यवहारांशी जुळवावी लागते.

असे बदल होतात तेव्हा ते लपून नसतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७खाली फेरबदलाची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात बारीक अक्षरात छापली जाते, हरकती आणि सूचनांसाठी मुदत दिली जाते. सूचनेत साधारणपणे दोन रकाने असतात : सध्याची तरतूद आणि प्रस्तावित तरतूद. ते शेजारी ठेवून ओळीओळीनं वाचायचे. भूखंडाचा भूमापन क्रमांक टिपायचा, शहरात त्याला सी.एस. म्हणतात, उपनगरात सी.टी.एस. हरकत लेखी द्यायची आणि तारखेसह पोच घ्यायची, कारण सुनावणीला बोलावणं त्या हरकतीच्या आधारेच येतं. एखाद्या शब्दाची व्याख्या बदललेली दिसली, तर बोट त्या शब्दावर ठेवायचं आणि हरकतीतच दोन क्षेत्रफळं चौरस मीटरमध्ये लिहायची : जुन्या व्याख्येनं शहराला किती, नव्या व्याख्येनं किती.