थोरलीची गोळी धाकटीला चालत नाही

नमस्कार श्रोतेहो. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. आज पाळी जायच्या काळाबद्दल बोलायचंय. घरात पुरुषमाणसं असतील तर रेडिओ बंद करू नका, त्यांनीही ऐकावं.

मागच्या पावसाळ्यात एकाच घरातल्या दोन जावा माझ्याकडे आल्या. थोरली ४९ वर्षांची. पाळी जाऊन वर्ष उलटलेलं. पोळ्या लाटता लाटता तिच्या अंगातून वाफा निघायच्या, चेहरा तापायचा, घामानं ब्लाऊज भिजायचा आणि पाठोपाठ थंडी वाजायची. रात्री दोन-तीनदा उठून ती पंख्याखाली बसायची. मी तिचं रक्तदाब, साखर, स्तनांची तपासणी सगळं केलं, माहेरच्या आजारांची चौकशी केली आणि मग हॉर्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. महिन्याभरात तिला झोप लागायला लागली.

तिनं मायेनं काय केलं? त्याच गोळ्या धाकटीला दिल्या. "मला गुण आला, तूही घे."

धाकटी ४४ वर्षांची. तिची पाळी दर पंधरा-वीस दिवसांनी यायची, आठ-दहा दिवस अंगावरून जायचं, गाठी पडायच्या. हिमोग्लोबिन ७ वर आलेलं. त्यात दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. अशा बाईला पोटात घ्यायच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी पुन्हा गुठळी होण्याचा धोका वाढतो. मी त्या तिथल्या तिथे बंद केल्या.

एकाच चुलीवर जेवणाऱ्या या दोघी, पण दुखणं जवळजवळ उलटं. पाळी जायच्या आधीची काही वर्षं हॉर्मोन सरळ उतरत नाहीत, ते हेलकावे खातात. एखाद्या महिन्यात बीज सुटत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. पिशवीच्या आतलं अस्तर जाड होत राहतं आणि मग एकदम खूप रक्त जातं. धाकटी तिथे होती. पुढे इस्ट्रोजेनही उतरतं, मेंदूतलं शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं आणि वाफा सुरू होतात. थोरली तिथे पोचली होती.

धाकटीला आधी एका ठिकाणी सांगितलं होतं, "मुलं झालीत ना, मग पिशवी काढून टाका." मी तिची सोनोग्राफी केली, थायरॉइड पाहिलं, अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. काही वाईट निघालं नाही. मग तांबीसारखंच दिसणारं, पण आत राहून थोडं थोडं हॉर्मोन सोडणारं साधन बसवलं आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. पाचव्या महिन्यात ती म्हणाली, "डॉक्टरबाई, आता जिना चढताना दम लागत नाही."

पिशवी काढण्याबद्दल मला जरा थांबून बोलायचंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं ऐकलंच असेल. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीचा त्रास झाला की खाडा, खाडा झाला की मुकादमाकडे पैसे कापले जाणार, म्हणून कितीतरी जणी ऐन पस्तिशी-चाळिशीत शस्त्रक्रियेला तयार झाल्या. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली, तर निसर्ग जे काही वर्षांत करतो ते एका दिवसात होतं. वाफा तर येतातच, हाडंही लवकर ठिसूळ व्हायला लागतात. तुमचं असं झालं असेल आणि वय ४५ च्या आत असेल, तर "आता पाळीच नाही, डॉक्टर कशाला" असं म्हणू नका. एरवी पाळी जाण्याच्या वयापर्यंत अशा बऱ्याच जणींना हॉर्मोन देणं हिताचं असतं. शस्त्रक्रियेचा कागद घेऊन या, नेमकं काय काढलंय ते त्यावरूनच कळतं.

हॉर्मोन म्हटलं की बायका घाबरतात. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर ही भीती जगभर पसरली. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. आज साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, एरवी निरोगी आणि वाफांनी बेजार झालेल्या बाईला धोक्यापेक्षा फायदा बहुधा जास्त असतो. पिशवी शाबूत असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं, नाहीतर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. स्तनाचा कर्करोग, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, तर बिगरहॉर्मोनची औषधं आहेत, त्यांनीही वाफा कमी होतात.

आणि एक गोष्ट, जी बायका खुर्चीवरून उठता उठता, दाराशी जाऊन सांगतात: खालच्या जागी कोरडेपणा, लघवीला जळजळ, नवऱ्याजवळ जाताना दुखणं. त्यासाठी तिथेच लावायचं कमी मात्रेचं हॉर्मोनचं मलम मिळतं. हे आधी सांगा, शेवटी नको.

येताना भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन या. दुधाचा खाडा लिहिता ना, त्याच चौकोनात पाळीची तारीख लिहा, किती दिवस गेलं, रात्री किती वेळा जाग आली तेही लिहा. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर सलग बारा महिने कोरे गेले, की पाळी गेली असं समजायचं. तोवर पाळी चुकली तरी दिवस राहू शकतात, तेव्हा काळजी घ्या. आणि त्या बारा कोऱ्या महिन्यांनंतर एक डाग जरी दिसला, तरी "पाळी परत आली" म्हणून घरी बसू नका, त्याच आठवड्यात तपासून घ्या.

नमस्कार.