रायडिंग जीन्स कातडी वाचवते, हाडांचं काय?

(दृश्य: टेबलावर दोन जीन्स, दोन्ही उलट्या केलेल्या. कॅमेरा हळूहळू बाहेरच्या शिवणीजवळ जातो.)

डावीकडे आहे रोजच्या वापरातली साधी जीन्स. उजवीकडची मोटरसायकलसाठी बनवलेली. सुलट करून ठेवल्या तर दोघींतला फरक चटकन सांगता येणार नाही. लोक ती घेतात तेही याचसाठी. गाडीवरून उतरलं की कपडे बदलायला नकोत, तशीच घालून दिवसभर वावरता येतं.

उलट्या केल्यावर मात्र दिसतं. साध्या जीन्सची बाहेरची शिवण, म्हणजे कमरेपासून घोट्यापर्यंत मांडीच्या कडेने उतरणारी, बहुतेक वेळा एकाच टिपेची असते आणि कडा ओव्हरलॉक केलेल्या असतात. पायाच्या आतल्या बाजूची शिवण मात्र दुमडून दुहेरी टिपेने घट्ट केलेली. कारखान्यात हे उलटं वाटत नाही, कारण चालताना घासतात त्या आतल्याच बाजू. पण मोटरसायकलवरून माणूस पडतो तो कडेवर. खुबा, मांडीची बाहेरची बाजू, गुडघा. सगळ्यात कच्ची शिवण रस्त्याला पहिली लागते.

(दृश्य: कोरडा डांबरी रस्ता, अगदी जवळून. खडीचे टोकदार कण.)

पडल्यावर शरीराला दोन गोष्टी सोसाव्या लागतात. आधी आदळणं, मग घसरणं. या दोन्ही वेगळ्या इजा आहेत आणि जीन्समध्ये त्यांच्यासाठी दोन वेगळे भाग असतात. घसरण्याशी कापड आणि शिवण झुंजतात. आदळण्यासाठी असतात आतल्या खिशातले पॅड. ‘रायडिंग जीन्स पुरेशी आहे का’ या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच एका शब्दात देता येत नाही.

आधी घसरणं पाहू. कापड आणि कोरडा रस्ता यांच्यातलं घर्षण माणसाच्या वजनाच्या ०.६ पट धरलं, तर ताशी ५० किलोमीटर वेगाने पडलेला माणूस साधारण १६ मीटर घसरतो आणि थांबायला त्याला जवळपास अडीच सेकंद लागतात. ताशी ८० ला ४२ मीटर, पावणेचार सेकंद. ताशी १०० ला ६५ मीटर आणि साडेचार सेकंदांहून जास्त. वेग दुप्पट झाला की वेळ दुप्पट होतो, पण अंतर चौपट होतं आणि कापडाला झिजवणारी ऊर्जाही चौपट. शिवाय हा सगळा भार पूर्ण पँटवर सारखा पसरत नाही. तळहाताएवढ्या एकदोन जागांवर येतो.

साधं सुती डेनिम इथे किती टिकतं? ईएन १३५९५ या जुन्या युरोपीय मानकात कापडाचा तुकडा सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणाऱ्या ६० नंबरच्या पॉलिशपेपरच्या पट्ट्यावर सोडत आणि भोक पडायला लागणारा वेळ मोजत. धोक्याच्या जागांसाठी पहिल्या पातळीला ४ सेकंद हवे होते, दुसऱ्या पातळीला ७. साधं डेनिम त्या पट्ट्यावर एका सेकंदाच्या आत फाटतं. ‘जाड जीन्स आहे, थोडं तरी वाचवेल’ हा भरवसा त्यामुळे टिकत नाही. कापड फाटलं की उरलेला सगळा रस्ता कातडीवर.

(दृश्य: कापडाच्या कडेतून चिमट्याने ओढलेले तीन धागे. पांढरा सुती, पिवळसर अ‍ॅरामिड, गुळगुळीत चकचकीत पॉलिथिलीन.)

म्हणून सुताला जोड लागते. पिवळसर दिसतो तो अ‍ॅरामिडचा धागा. केव्हलार हे त्याचं सर्वांत माहितीतलं नाव, १९६५ साली ड्यूपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेलं. हा धागा वितळत नाही. साडेचारशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर तो विघटित होऊ लागतो. पण उन्हातले अतिनील किरण आणि क्लोरिन असलेलं ब्लीच त्याला कमजोर करतात.

दुसरा चकचकीत धागा अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचा. डायनीमा हे त्याचं एक व्यापारी नाव. वजनाच्या मानाने विलक्षण मजबूत, हाताला थंड लागणारा. पण तो १५० अंशांच्या आसपासच वितळतो. कापडात तो सुताबरोबर विणलेला असतो आणि उष्णता पटकन पसरवतो, म्हणून घसरताना तग धरतो. तापलेल्या सायलेन्सरला टेकला किंवा कडक इस्त्री फिरवली, तर मात्र त्याची मजबुती जाते आणि बाहेरून फार काही दिसतही नाही. तिसरा पर्याय नायलॉन ६,६, म्हणजे कॉर्ड्युरासारख्या कापडातला धागा. तो साधारण २६० अंशांना वितळतो. झिजेला साध्या सुतापेक्षा खूपच चांगला, पण वरच्या दोघांच्या खाली.

धागा कोणता याइतकंच महत्त्वाचं आहे तो कुठे आणि किती आहे. सर्वांत जुनी आणि स्वस्त पद्धत ठिगळांची. गुडघ्यावर आणि बसायच्या जागी आतून अ‍ॅरामिडचे तुकडे शिवायचे, बाकी साधं डेनिम. पडताना पँट पायाभोवती फिरते, वर सरकते, ठिगळ जिथे हवं तिथून चार बोटं बाजूला जातं आणि रस्त्याला लागतं ते उघडं सूत. या प्रकारच्या जीन्सला आम्ही संरक्षक म्हणणार नाही.

दुसरी पद्धत पूर्ण अस्तराची. आतून कमरेपासून पोटरीपर्यंत पिवळं, टॉवेलसारखं फासे असलेलं अ‍ॅरामिडचं विणकाम. वरचं डेनिम आधी झिजून जातं, मग खालचं अस्तर रस्ता सोसतं, आणि दोन थर एकमेकांवर सरकत असल्यामुळे कातडीवरचा ओढाही कमी होतो. चांगलं संरक्षण मिळतं. उकाडा मात्र खरा आहे आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही, कारण गरम होतं म्हणून कपाटात राहिलेली पँट कोणाला वाचवत नाही.

तिसरी पद्धत एकेरी थराची. मजबूत धागा डेनिममध्येच विणलेला, अस्तर नाही. घालायला साध्या जीन्सइतकीच सोपी. इथे जाडीवरून काहीच कळत नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दोन एकेरी जीन्सपैकी एक अगदी खालच्या वर्गाची निघते आणि दुसरी सर्वांत वरच्या. ‘अ‍ॅरामिडयुक्त’ एवढंच लिहिलेलं असेल तर धागा पाच टक्के आहे की पन्नास, हे समजत नाही.

(दृश्य: कमरेच्या आत शिवलेलं लेबल. मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र, खाली अक्षरं.)

हे समजतं ते इथे. मोटरसायकलस्वाराच्या चित्राशेजारी वर्ग लिहिलेला असतो. ईएन १७०९२ हे २०२० सालचं युरोपीय मानक सध्या यासाठी वापरलं जातं. त्यात कापडाचे तुकडे फिरत्या यंत्राला लावून ठरावीक वेगाला आणतात आणि काँक्रीटच्या लादीवर सोडतात. तुकडे घासत घासत थांबतात, मग भोक तपासतात. पँटचे तीन विभाग पाडलेले असतात. पहिल्यात गुडघा आणि खुब्यासारख्या सर्वांत जास्त धोक्याच्या जागा, तिसऱ्यात सर्वांत कमी धोक्याच्या.

एएए वर्गात पहिल्या विभागाची चाचणी ताशी १२० किलोमीटरच्या बरोबरीने होते, दुसऱ्याची ७५ ला, तिसऱ्याची ४५ ला. एए वर्गात हेच आकडे ७०, ४५ आणि २५. ए वर्गात ४५ आणि २५, तिसऱ्या विभागाला काहीच अट नाही. बी वर्गाचं कापड ए इतकंच, पण त्यात पॅड नसतात.

हे आकडे वाचताना एक चूक हमखास होते. १२० ही हमी नाही. यंत्रातली लादी सपाट असते. रस्त्यावर खडी असते, खड्ड्याची कड असते, माणूस लोळतो, एकाच जागेवर दोनदा आपटतो. आणि तुम्ही घेतलेल्या एएए पँटच्या मांडीच्या आतल्या भागाची चाचणी १२० ला झालेलीच नाही. वर्गांची आपसात तुलना करायला हे आकडे उत्तम. त्यांना स्वतःची वेगमर्यादा समजू नका.

आमचं मत स्पष्ट आहे. गावातल्या गर्दीत, ताशी ४०-५० च्या आत, ए वर्गाची जीन्स साध्या जीन्सपेक्षा कितीतरी पटींनी बरी. मोकळ्या रस्त्यावर एएच्या खाली येऊ नका. रोज महामार्गावरून वेगाने जाणाऱ्याने एएए घ्यावी, आणि शर्यतीच्या ट्रॅकवर जायचं असेल तर जीन्सचा विचारच सोडावा, तिथे चामड्याचाच सूट हवा.

(दृश्य: गुडघ्याचा पॅड खिशातून बाहेर काढणारे हात. पॅडवर कोरलेली अक्षरं.)

आता आदळणं. पॅडवर ईएन १६२१-१ हा क्रमांक कोरलेला असतो. चाचणीत ५ किलोचं वजन पॅडवर पाडतात, ५० ज्यूल ऊर्जेने, म्हणजे साधारण एक मीटर उंचीवरून. पॅडखाली पोचणारं बल पहिल्या पातळीत सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं, दुसऱ्या पातळीत २० पर्यंत. साध्या भाषेत, क्षणभर साडेतीन टनांचा दाब की दोन टनांचा. जाडीत थोडाच फरक, किमतीतही फार नाही. दुसरी पातळीच घ्या. पॅडवरचं के अक्षर गुडघ्याचं, एच खुब्याचं. प्रकार ए म्हणजे लहान आकार, बी म्हणजे मोठा. पाय लांब असतील तर बी.

खुब्याचा पॅड हा या कपड्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. ए वर्गात तो सक्तीचा नाही, त्यामुळे अनेक जीन्समध्ये नुसता रिकामा खिसा मिळतो. ज्यात तो असतो, त्यातूनही कंबर फुगलेली दिसते म्हणून लोक काढून ठेवतात. कडेवर पडणाऱ्या माणसाचा खुबा मग थेट रस्त्यावर. त्याच बाजूच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा असेल तर तो हाडात रुतणार. किल्ल्या जॅकेटच्या खिशात ठेवा, तेही छातीवर किंवा पोटावर येणार नाहीत अशा बेताने.

पॅड आहे पण जागेवर नाही, हा दुसरा नेहमीचा घोटाळा. दुकानात उभं राहून पँट घालून पाहतात आणि पॅड बरोबर गुडघ्याच्या वाटीवर दिसला की समाधान होतं. गाडीवर बसलं, गुडघा वाकला की कापड वर ओढलं जातं आणि पॅड मांडीकडे सरकतो. उभं असताना पॅड वाटीच्या थोडा खालीच दिसायला हवा. म्हणून पाहायचं ते बसून, पाय फुटपेगवर, म्हणजे गाडीच्या पाय ठेवायच्या दांड्यांवर, असल्यासारखे वाकवून. मग पॅड मुठीत धरून डावीउजवीकडे फिरवून पाहा. तो सहज वाटीवरून निसटत असेल तर पँट सैल आहे किंवा खिशाची उंची चुकली आहे. बऱ्याच जीन्समध्ये आतल्या वेल्क्रोने ही उंची दोनतीन सेंटिमीटर कमीजास्त करता येते. ते पाच मिनिटांचं काम आहे, आणि बहुतेकांनी ते कधीच केलेलं नसतं.

इतकं सगळं नीट असलं तरी पॅड काय करू शकत नाही, हेही माहीत हवं. तो गुडघ्याची वाटी रस्त्यावर थेट आपटू देत नाही, घसरताना मांस खरवडू देत नाही. मोटारीच्या बंपरखाली आलेली नडगी, गाडीखाली दबलेला घोटा, पिळवटलेला गुडघा, खांबावर आदळलेली मांडी, यांना जीन्स जवळजवळ काहीच मदत करत नाही. मोटरसायकलच्या अपघातांत सर्वाधिक दुखापती पायांना होतात, आणि गुडघ्याच्या खालचा भाग सांभाळायचं काम घोट्यावर येणाऱ्या, नडगीला कडक आधार देणाऱ्या बुटांचं आहे. जीन्सची खालची कड पडताना वर सरकते. बुटांची उंची आणि ती कड यांच्यात उघडं मांस राहता कामा नये.

ऑस्ट्रेलियात अपघात झालेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. मोटरसायकलची खास पँट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करावं लागण्याची शक्यता इतरांच्या जवळजवळ निम्मी होती. त्याच अभ्यासात हेही दिसलं, की अशा पँटपैकी पाव हिश्श्याहून जास्त अपघातात फाटल्या. तिथेच २०१८ पासून मोटोकॅप हा उपक्रम दुकानांतून कपडे विकत आणून, स्वतः चाचण्या करून त्यांना तारे देतो. संरक्षणाचे वेगळे, उकाड्याचे वेगळे. घ्यायच्या जीन्सचं नाव त्या यादीत असेल तर जाहिरातीआधी ती यादी पाहा.

(दृश्य: दोरीवर सावलीत उलटी वाळत घातलेली जीन्स.)

धुताना पॅड काढा, जीन्स उलटी करा, ३० अंशांच्या पाण्यात सौम्य साबण. ब्लीच नको, सॉफ्टनर नको, ड्रायर नको, उन्हात वाळवणं नको. वाळल्यावर पॅड परत घालताना बाक गुडघ्याच्या बाकाशी जुळतो ना, ते पाहा. उलटा घातलेला पॅड पहिल्याच आदळण्यात निसटतो. पॅड दुमडल्यावर कड तडकत असेल, भुगा पडत असेल किंवा तो पूर्वीपेक्षा कडक झाला असेल, तर बदला.

पडल्यावर जीन्स खिडकीसमोर उजेडात धरा आणि आतून पाहा. जिथून उजेड आरपार येतो, जिथे निळा रंग जाऊन नुसते पांढरे आडवे धागे उरलेत, जिथे टीप सुटली आहे, तिथे पुढच्या वेळेसाठी काही उरलेलं नाही. वरून ठिगळ लावून ती शिवता येते, बाजारात घालून जाता येते. गाडीवर नाही.