सामना नसलेल्या सामन्याची गर्दी

(दृश्य : कोलंबस, ओहायो. घोड्याच्या नालेसारखं भलंमोठं स्टेडियम, वरून. आवाज फक्त गर्दीचा.)

१६ एप्रिल २०१६, शनिवार. आपल्या वानखेडेसारखी तीन स्टेडियम गच्च भरली, तर जेवढी माणसं होतील, जवळपास तेवढी आज या एका स्टेडियममध्ये आली आहेत. जाहीर झालेला आकडा आहे १,००,१८९.

आणि समोरचा संघ? तो नाहीच. ओहायो स्टेट विद्यापीठाचेच निम्मे खेळाडू लाल जर्सीत, निम्मे करड्या. जिंकलं कोण, हरलं कोण, याची नोंद कुठल्याही गुणतक्त्यात होणार नाही. एक लाख माणसं तिकीट काढून सराव बघायला आली आहेत.

याला म्हणतात स्प्रिंग गेम.

(दृश्य : मैदानावर सराव. शिट्टी.)

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात धरून खेळायचा. हंगाम संपला की पुढचे सात महिने चाहत्यांचा उपास. कॉलेजच्या खेळांवर देखरेख करणारी एनसीएए ही संघटना वसंतात प्रत्येक संघाला सरावाची पंधरा सत्रं देते. त्यातलं शेवटचं सत्र बहुतेक कॉलेजं लोकांसाठी खुलं करतात. उपासाला फराळ मिळावा, तसं.

जवळून पाहिलं तर हा खेळ थोडा लुटुपुटीचाच असतो. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, वेगळ्या रंगाची जर्सी घालतो. तिचा अर्थ एवढाच, की याला पाडायचं नाही. बचाव करणारा सव्वाशे किलोचा गडी धावत येतो, याच्या खांद्याला हात लावतो आणि शिट्टी वाजते. झालं. काही ठिकाणी तर गुण मोजायची पद्धतही दरवर्षी बदलते, आणि शेजारी बसलेल्याला विचारलं, तर त्यालाही ती माहीत नसते.

मग लोक येतात कशाला?

(दृश्य : टस्कलूसा, अलाबामा. स्टेडियमबाहेर रांग.)

उत्तराचा एक तुकडा इथे सापडतो. जानेवारी २००७ मध्ये अलाबामा विद्यापीठाने निक सेबन यांना कोच म्हणून आणलं. आठ वर्षांचा करार, रक्कम ३ कोटी २० लाख डॉलर. आधीच्या हंगामात संघ ६ सामने जिंकला होता आणि ७ हरला होता. एकेकाळी देशावर राज्य केलेल्या संघाची ही अवस्था. एप्रिलमध्ये सेबन यांचा पहिला स्प्रिंग गेम होता आणि प्रवेश फुकट. स्टेडियम भरलं, दारं बंद करावी लागली, माणसं बाहेर राहिली. आकडा जाहीर झाला ९२,१३८.

स्टेडियमची आसनक्षमता तेव्हा किती होती? बरोब्बर ९२,१३८. फुकट प्रवेशाच्या दिवशी आकडा असा तंतोतंत जुळला, की तिथे डोकी मोजली नव्हती, खुर्च्या मोजल्या होत्या, हे समजायला गणित लागत नाही. पण दारं खरोखर बंद झाली होती. ते चित्र देशभर दिसलं, आणि मुख्य म्हणजे शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना दिसलं. कोणत्या कॉलेजात जायचं हे ठरवणारी ही मुलं. सराव बघायला एवढी माणसं, तर सामन्याला काय असेल!

तिथून कोचांना ही चटक लागली. ओहायोत एक लाख माणसं जमली, त्याच शनिवारी तिकडे जॉर्जिया राज्यातल्या अथेन्समध्ये नवे कोच कर्बी स्मार्ट यांनीही चाहत्यांना स्टेडियम भरून टाकायची हाक दिली होती. लुडाक्रिस या रॅपरलाही बोलावलं होतं. आकडा आला ९३,०००. लग्नात दोन्ही घरांनी पंगती मोजाव्यात, तशी ही मोजामोज.

(दृश्य : ऑबर्न. टॉयलेट पेपरने मढलेली दोन ओक झाडं.)

पण नुसत्या आशेवर गर्दी होते, असंही नाही. अलाबामा राज्यातल्याच ऑबर्न विद्यापीठाचा संघ २०१२ मध्ये फक्त ३ सामने जिंकला आणि ९ हरला. तरी एप्रिल २०१३ मध्ये तिथे ८३,४०१ माणसं आली. गावातल्या टूमर्स कॉर्नरवर दोन जुने ओक होते. संघ जिंकला की लोक त्यांच्या फांद्यांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या भिरकावायचे, झाडं पांढरीशुभ्र व्हायची. २०१० मध्ये अलाबामाच्या एका चाहत्याने त्यांना विष घातलं. झाडं वाचली नाहीत. त्या शनिवारी लोक त्यांच्यावर शेवटचे कागद टाकायला आले होते. तीन दिवसांनी ओक तोडले. तो दिवस फुटबॉलचा होता की तेराव्याचा, कोण सांगणार.

(दृश्य : लिंकन, नेब्रास्का. लाल टोप्या, लहान मुलं, आजीआजोबा.)

आता नेब्रास्का. या राज्यात मोठ्या लीगचा एकही व्यावसायिक संघ नाही. जे आहे ते हे, नेब्रास्का विद्यापीठाचा संघ, हस्कर्स. त्यांच्या घरच्या सामन्यांची तिकिटं नोव्हेंबर १९६२ पासून दरवेळी सगळी विकली गेली आहेत, एकाही सामन्याचा अपवाद न करता. हंगामी तिकिटं घरात वारशाने येतात. सामन्याच्या दिवशी हे स्टेडियम राज्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं शहर होतं, असं इथले लोक अभिमानाने सांगतात.

ज्याच्या आजोबांनी तिकीट धरून ठेवलं नाही, त्याने काय करायचं? त्याने एप्रिलमध्ये यायचं. चार पोरं, त्यांची आजी, शेतावरून तीन-चार तास गाडी हाकत. शरदात जे जमणार नाही ते वसंतात, थोडक्या पैशांत. अमेरिकेत शिकायला गेलेल्या आपल्या मुलांपैकीही कितीतरी जणांचं पहिलं स्टेडियमदर्शन असंच होतं. खऱ्या सामन्याचं तिकीट खिशाला झेपत नाही.

स्प्रिंग गेमचा खरा प्रेक्षक हा आहे. आकडेवारीत तो वेगळा दिसत नाही, एवढंच.

६ एप्रिल २०१३ ला असे ६०,१७४ लोक या स्टेडियममध्ये होते. खेळाच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या भागात मैदानावर एक नवा खेळाडू उतरला. जॅक हॉफमन, वय वर्षं सात, मेंदूच्या कर्करोगाशी झुंजणारा. त्याच्या हातात चेंडू दिला गेला आणि तो ६९ यार्ड धावला, थेट टचडाउन, म्हणजे चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार. दोन्ही बाजूंचे खेळाडू धावत आले आणि त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. खऱ्या सामन्यात हे होऊच शकत नाही. त्यासाठी असा निकाल नसलेला दिवस लागतो.

(दृश्य : बोल्डर, कोलोरॅडो. बर्फ. खुर्च्यांवरून बर्फ झटकणारी माणसं.)

पुढे हवा बदलली. २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल आलं. खेळाडूने त्यात नाव नोंदवायचं आणि दुसरं कॉलेज शोधायचं. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची मुभा मिळाली. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि बाजार उभा राहिला.

एप्रिल २०२३. कोलोरॅडोचा संघ आदल्या हंगामात १ सामना जिंकून ११ हरलेला. नवे कोच डिऑन सँडर्स, एकेकाळचे नामवंत फुटबॉलपटू. दहा डॉलरचं तिकीट, वरून बर्फ पडतोय, तरी ४७,२७७ माणसं आणि ईएसपीएन या क्रीडावाहिनीवर थेट प्रक्षेपण. ९८ वर्षांच्या एका चाहत्या आजींनी चेंडूला पहिली लाथ मारली. माँटाना लेमोनियस-क्रेग या खेळाडूने ९८ यार्डांचा टचडाउन केला. स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी. काही दिवसांतच त्याने पोर्टलमध्ये नाव नोंदवलं आणि तो ॲरिझोनाला गेला.

कोच लोकांना घाम फुटतो तो इथे. टीव्हीवरचा स्प्रिंग गेम म्हणजे मांडून ठेवलेलं दुकान, आणि गिऱ्हाईक कोण, तर प्रतिस्पर्धी.

एप्रिल २०२५ मध्ये टेनेसीत तर स्प्रिंग गेमच्या आदल्या दिवशी पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक निको इयामालेआवा सरावालाच आला नाही. पैशांवरून बोलणी अडल्याच्या बातम्या होत्या. दुसऱ्या दिवशी कोच जॉश ह्युपेल यांनी जाहीर केलं, आम्ही त्याच्याशिवाय पुढे जातोय. टेनेसीच्या संघाच्या गावी, नॉक्सविलला, त्या दिवशी आलेल्या लोकांनी जी जर्सी घातली होती, तिचा मालक निघून गेला होता.

(दृश्य : लिंकन. रिकामं स्टेडियम.)

नेब्रास्काने मात्र त्याआधीच निर्णय घेतला होता. फेब्रुवारी २०२५ च्या सुरुवातीला कोच मॅट रूल यांनी सांगितलं, यंदा नेहमीचा स्प्रिंग गेम नाही. आदल्या वर्षीचा खेळ टीव्हीवर खूप पाहिला गेला, आणि नंतर आपल्या खेळाडूंना पळवायला बघणाऱ्यांशीच झगडत बसावं लागलं, हा त्यांचा मुद्दा. टेक्सासनेही खेळ रद्द केला, आणखीही काहींनी. नेब्रास्कात त्याऐवजी ‘हस्कर गेम्स’ नावाचा कार्यक्रम झाला, गमतीच्या स्पर्धांचा.

रूल यांचा हिशोब चुकीचा होता, असं म्हणता येत नाही. पण खेळाडू पळवणारे दुसऱ्या कॉलेजातले, पळणारे खेळाडू आपले, आणि दार बंद झालं ते शेतावरून गाडी हाकत येणाऱ्यांसाठी. त्याच वर्षी शरदात एनसीएएने वसंतात पोर्टलमध्ये नाव नोंदवायची मुदतच काढून टाकली. आता खेळाडूंची ये-जा जानेवारीत. म्हणजे ज्या भीतीपोटी खेळ बंद केला, ती निम्मी तरी उरली नाही.

जॅक हॉफमन जानेवारी २०२५ मध्ये गेला. तो एकोणीस वर्षांचा होता. रूल यांची घोषणा त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत आली.

(दृश्य : २०१३ ची चित्रफीत, संथ गतीने. निवेदन हळू.)

त्या धावेतली एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. चेंडू हातात आल्यावर जॅक गोंधळतो आणि उलट्या दिशेला वळतो. क्वार्टरबॅक टेलर मार्टिनेझ त्याला हाताने दाखवतो, इकडे नाही, तिकडे.

मग तो वळतो.

(आवाज : साठ हजार माणसं. चित्र काळं होतं, आवाज थोडा वेळ तसाच राहतो.)